हॉर्नकाकांचं चौथं मत

हॉर्नकाकांशी सिनेमावरून वाद घालायला सहसा कुणी धजत नसे. घातलाच कुणी, तर काका एकच प्रश्न विचारायचे, "तुम्ही हा सिनेमा किती वेळा बघितलात?" समोरचा म्हणायचा एकदा, फार तर दोनदा. मग काका सावकाश उत्तर द्यायचे, "मी त्रेचाळीस वेळा." तिथेच वाद संपायचा.

आकडा शंभर टक्के खरा होता. काका लांब पल्ल्याची बस चालवायचे. एक दिवस जायचं, एक दिवस यायचं, आणि जाताना एक सिनेमा, येताना दुसरा. कंडक्टर पेनड्राइव्ह लावायचा, आणि त्यात नवे सिनेमे भरायचा त्याला इतका कंटाळा होता की एकेक सिनेमा तीन-तीन महिने चालायचा. काकांना सिनेमे रस्त्यावरून पाठ होते. बोगद्यात शिरताना खून व्हायचा, टोलनाक्यावर नायकाचा बाप मरायचा, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर नायिका खरं काय ते सांगून टाकायची. गाडीला दहा मिनिटं उशीर झाला तर खून बोगद्याच्या आधीच उरकायचा, आणि काकांचा सगळा दिवस बिघडायचा.

यात एकच गोष्ट होती, जी काकांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. पडदा काकांच्या डोक्यामागे होता, प्रवाशांकडे तोंड करून. त्रेचाळीस वेळांपैकी एकदाही काकांनी त्या पडद्याकडे बघितलं नव्हतं.

बघणार कसे? तीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला साधा ओरखडा पडला नव्हता, आणि ते मागे वळून बघितल्यामुळे झालेलं नव्हतं. घरी आल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. मग ओल्या रुमालाची घडी डोळ्यांवर ठेवून ते आडवे व्हायचे. शेजारी काकू सिनेमा लावून बसायच्या आणि हे पडल्या पडल्या ऐकायचे. ऐकायचे आणि "बघितला" म्हणायचे. रेडिओ ऐकल्यासारखे सिनेमे ऐकणारा हा माणूस स्वतःला पक्का प्रेक्षक समजत होता, आणि त्यात त्याला काही खोट दिसत नव्हती.

चार वर्षांपूर्वी मुलीने नवा फोन घेऊन दिला आणि जाता जाता त्यांना सिनेमावेड्यांच्या एका ऑनलाइन गटात घालून दिलं. गटाचं नाव 'पहिली रांग'. तिथे तीनशे माणसं सकाळ-संध्याकाळ सिनेमावर भांडायची. काका लिहायचे थोडं, पण एकदम मोठ्याने, म्हणून त्यांचं नाव हॉर्नकाका पडलं. ते त्यांना आवडलंही. एका गाजलेल्या सिनेमात ड्रायव्हर "गाडी रिकामी आहे" म्हणतो आणि बस डोंगर चढू लागते. काकांनी लिहिलं, "ही गाडी रिकामी नाही. भरलेल्या गाडीचं इंजिन असं रडतं. आवाज दुसऱ्या गाडीचा चिकटवलाय." लोकांनी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं आणि तोंडात बोटं घातली. एका रहस्यपटातला खुनी त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितला होता, कारण त्याचा डावा बूट करकरत होता आणि तोच बूट आधी जिन्यावर वाजला होता. गटातले म्हणायचे, काका काय बारकाईने बघतात!

काका म्हणायचे, "सवय आहे."

दरवर्षी गटाचे पुरस्कार असायचे. पुरस्कार म्हणजे काय, तर गट चालवणारे निवृत्त गणिताचे सर फोनवर एक प्रमाणपत्र तयार करायचे आणि गटात टाकायचे. ज्या कलाकाराला ते मिळायचं, त्याला त्याचा पत्ताही नसायचा. पण भांडणं अशी व्हायची की जणू कुणाची शेतीवाडी वाटून द्यायची आहे. सगळ्यांची मतं झाली की शेवटची फेरी सात परीक्षकांची. त्यासाठी सरांचा एकच नियम होता, ठळक अक्षरांत लिहिलेला: परीक्षकाने आपण मत दिलेला सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला असावा.

या वर्षी सरांनी काकांना सातांत घेतलं. काकांनी ती बातमी काकूंना सांगितली, कंडक्टरला सांगितली, आणि डेपोच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही सांगितली, ज्याने आयुष्यात एक सिनेमा धड बघितला नव्हता. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात काकांचं मत कुणी कशावर मागितलं नव्हतं. गाडी कधी निघणार, एवढंच लोक त्यांना विचारत आले होते.

निकाल गुरुवारी दुपारी आला. गाडी पोचवून काका आणि कंडक्टर डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत टेकले होते. लोखंडी चार खाटा, कोपऱ्यात गळका नळ, खिळ्यांना टांगलेले खाकी शर्ट. कंडक्टर बाजूच्या खाटेवर तिकिटाचं मशीन पोटावर ठेवून पडला होता. वीस वर्षं दोघे एकाच गाडीवर. त्यात काका बोलत आले होते आणि कंडक्टर हुंकार देत आला होता.

"जिंकली!" काका ओरडले. "आपली कुलूपवाली जिंकली. चार विरुद्ध तीन. चौथं मत माझं!"

"हं," कंडक्टर म्हणाला.

कुलूपवाली म्हणजे त्या सिनेमातली आई. रस्त्याच्या कडेला किल्ल्या बनवून द्यायचं तिचं खोपटं. मुलगा भांडून घर सोडून गेलेला. त्याची किल्ली ती अकरा वर्षं दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवते. "किल्ली खिळ्यालाच राहू दे," असं ती शेजारणीला म्हणते, तेव्हा दर खेपेला काकांच्या घशात काहीतरी अडकायचं आणि ते उगाचच गिअर बदलायचे. समोरची दावेदार होती दुसऱ्या एका सिनेमातली वकिलीण. ती कोर्टात अकरा मिनिटं बोलते. काकांचं मत असं, की अकरा मिनिटं कुणीही बोलेल.

पण गटातल्या औषधवाल्या बाई अशा गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आणि भांडण त्या एकाच वेळी सांभाळायच्या, आणि दोन्हींत त्यांची चूक कधी सापडायची नाही. त्यांनी लिहिलं, "या निकालाला म्हणतात आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. वकिलीणबाईंनी अकरा मिनिटं स्वतःच्या आवाजात काम केलंय. कुलूपवालीचा आवाज तिचा नाहीच. ती दुसऱ्या भाषेतली नटी आहे. आवाज दुसरीने दिलाय. शेवटच्या नामावलीत स्पष्ट लिहिलंय."

काका उठून बसले. शेवटची नामावली कुठल्या भाषेत असते हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, तिला आवाज कुठे असतो? पण माघार घेतील तर ते हॉर्नकाका कसले? त्यांनी लिहिलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला! नामावलीत काहीही असू दे. माझा कान सांगतो, बाई अस्सल आहे."

तेवढ्यात त्यांच्याच बाजूचा एक बेकरीवाला मदतीला धावला. "आवाजाचं सोडा हो बाई. ती सलग तीन मिनिटं आठवा, जिथे आवाजच नाही! काका, तुम्हीच सांगा यांना त्या तीन मिनिटांबद्दल."

आता ही तीन मिनिटं काकांना चांगली ठाऊक होती. लांब पूल संपला की सिनेमाचा आवाज जायचा, दर खेपेला, नेमका तिथेच. काका आरशातून कंडक्टरवर ओरडायचे, "अरे, वायर हलव! आवाज गेला!" कंडक्टर दांड्याला धरून नुसता उभा राहायचा. मग काका हात मागे नेऊन स्पीकरच्या डब्यावर दोन चापट्या मारायचे. तरी येत नाही म्हटल्यावर वेग वाढवून गाडी पुढच्या थांब्यावर घ्यायचे, दार उघडायचे आणि म्हणायचे, "पंधरा मिनिटं, चहापाणी!" त्या थांब्यावर प्रवासी उठायला फार वेळ लावायचे. काका चिडायचे. या मार्गावरचे लोकच आळशी, असं त्यांनी डेपोत अनेकदा सांगितलं होतं.

तेव्हा त्यांनी अंगठ्याने टकाटक टाइप केलं, "ती तीन मिनिटं धरू नका. तिथे रेकॉर्डिंग खराब आहे, आवाज जातो. मी आमच्या कंडक्टरला कितीदा सांगितलं. पण त्या दोषासाठी बाईचे मार्क कापू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे."

गटाने ते वाचलं. मग हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग तीही थांबली, आणि औषधवाल्या बाईंनी चिठ्ठीवर औषध लिहावं तसं नीट लिहिलं, "काका, तो आवाज दिग्दर्शकाने मुद्दाम काढलाय. ते सिनेमातलं सगळ्यात मोठं दृश्य आहे. आता खरं सांगा, तुम्ही हा सिनेमा पाहिलाय का?"

काकांनी फोन खाटेवर उपडा ठेवला. लाज वाटत होती, अगदी शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखी लाज.

कंडक्टरने कूस बदलली. "सांग, घरची कॉपी खराब होती म्हणून. कोण बघायला आलंय?"

"गाडी ठोकली असती तर काय केलं असतं मी?" काका म्हणाले. "झाड आडवं आलं म्हणालो असतो?"

"तू ठोकलीच नाहीस कधी."

"आता ठोकली."

त्यांनी फोन उचलला आणि लिहिलं, "नाही. मी हा सिनेमा त्रेचाळीस वेळा ऐकला आहे. पडदा माझ्या मागे असतो आणि माझे डोळे रस्त्यावर असतात. ते तिथेच असावेत अशी गाडीतल्या चाळीस माणसांची इच्छा असते. आजवरचे सगळे सिनेमे मी असेच बघितले. नियमात पाहिलेला असं लिहिलंय, म्हणून माझं मत काढून टाका. कानाबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये."

सरांचं उत्तर यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास काकांनी गळका नळ बंद करण्यात घालवला. सरांनी लिहिलं होतं, "खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर असतं म्हणतात, कान आणि डोळा यांच्यामधलं. काकांनी ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ओलांडावं. सिनेमा पाहून नव्याने मत द्यावं, कुणालाही. तोवर निकाल थांबवला आहे. मत आलं नाही तर तीन-तीन होतील, मग निर्णय माझा. आणि मला वकिलीणबाई आवडल्या होत्या."

थोड्या वेळाने औषधवाल्या बाईंचा काकांना वेगळा निरोप आला. "काका, राग मानू नका. पण बघताना तिच्या ओठांकडे बघा. मग मत द्या."

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायच्या. रोज दोनदा दात घासतो असं छातीठोकपणे सांगणारी माणसं रोज बघून त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

"बघायला घाबरताय," त्या म्हणाल्या.

"मी? मी घाबरतोय?"

"मग काय. ती बाई तुमच्या मनातल्यासारखी निघाली नाही तर तुम्हालाच तिचं बक्षीस काढून घ्यावं लागेल."

काकूंनी नेमक्या दुखऱ्या दातावर बोट ठेवलं होतं. मत रद्द झालं असतं तर ते नशिबावर ढकलता आलं असतं. स्वतःच्या हाताने फिरवायचं म्हणजे त्रेचाळीस वेळा घशात अडकलेलं ते सगळं खोटं होतं, असं तीनशे माणसांपुढे सांगायचं. आणि खोटं निघालं तर सांगणार, हे मात्र त्यांनी डेपोतल्या खाटेवरच ठरवून टाकलं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर कंडक्टर पेनड्राइव्ह घेऊन आला. काका खुर्ची ओढून टीव्हीसमोर ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. काकू आणि कंडक्टर मागे सोफ्यावर.

पहिला तासभर काकांचा नुसता जीव कासावीस झाला. सगळी माणसं चुकीची होती. त्यांच्या मनातली कुलूपवाली चांगली जाडजूड, मोठ्या हातांची. ही तर काडीसारखी. शेजारीण म्हातारी असायला हवी होती, ती निघाली तरणीताठी. मुलगा टकलू. आणि ओठांचं बाई म्हणाल्या ते खरं होतं. आवाज आधी संपायचा, ओठ मागून बंद व्हायचे. "किल्ली खिळ्यालाच राहू दे," हे वाक्य आलं, तेव्हा काकांनी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तोंड काहीतरी भलतंच म्हणत होतं. घशात काही अडकलं नाही.

"संपलं," काका म्हणाले. "बाई बरोबर होत्या. मी एका आवाजाला मत दिलं, आणि तो आवाज या बाईचा नाही. मत फिरवणार."

"पुरा तर बघा," काकू म्हणाल्या.

"पुरा बघणारच. नियम आहे."

मग मुलाचं पत्र येतं. शेजारीण ते वाचून दाखवते: तो परत येणार नाही, तिकडेच घर घेतलंय. इथवर काकांना तोंडपाठ होतं. पुढे लांब पूल संपायचा. आणि आवाज गेला.

काकांचा हात आपसूक उठला, मागे गेला आणि हवेत चापट मारायला निघाला.

"आवाज—"

"गेलेला नाही," काकू हळूच म्हणाल्या. "बघा."

पडद्यावरची ती काडीसारखी बाई उठली. खिळ्यावरची किल्ली काढली, बाहीने पुसली, आणि टाकाऊ किल्ल्यांच्या पेटीत टाकून दिली. पेटीत शेकडो किल्ल्या होत्या. दिवा मालवून ती आत गेली. मग परत आली. दिवा लावून पेटीपाशी खाली बसली आणि शोधू लागली. एकेक किल्ली उजेडात धरायची, बघायची, बाजूला ठेवायची. हात भराभर चालायला लागले. तिच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं, ते काकांनी आयुष्यात कुठल्या चेहऱ्यावर इतक्या जवळून बघितलं नव्हतं. चेहरे त्यांनी आरशात बघितले होते, बोटाएवढे. मग ती थांबली. तिने डोळे मिटले, दोन्ही हात पेटीत घातले आणि बोटांनी चाचपत राहिली. चाचपता चाचपता एका किल्लीशी बोटं थांबली. तिने ती बाहेर काढली, आणि डोळे न उघडताच छातीशी धरली.

आवाज परत आला. बाहेर कुणाची तरी सायकल वाजली. काकांचे डोळे केव्हाच भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत, कारण पुसायचं तर तेवढा वेळ बघता आलं नसतं.

सिनेमा संपला. शेवटची नामावली काकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आवाज देणाऱ्या बाईचं नावसुद्धा. मग खुर्ची फिरवून ते कंडक्टरसमोर बसले.

"पुलानंतर आवाज जायचा," ते म्हणाले, "तेव्हा गाडीतलं कुणी ओरडायचं का रे? आवाज गेला म्हणून?"

आवाज गेला की चाळीस माणसं एकदम कशी ओरडतात, ते दोघांनाही माहीत होतं. कंडक्टरने आठवून बघितलं.

"नाही. एकदाही नाही."

"आणि मी डब्यावर चापट्या मारायचो."

"हं."

"वेग वाढवून थांब्यावर घ्यायचो. दार उघडून चहापाणी म्हणायचो. लोक उठायचे नाहीत म्हणून चिडायचो."

"हं."

"मग एकदा तरी सांगायचंस की नाही? वायर हलव, वायर हलव म्हणून मी घसा कोरडा करत होतो!"

कंडक्टरने मान खाली घातली. "मी बघत असायचो," तो म्हणाला.

सहाला पाच मिनिटं असताना काकांनी गटात लिहिलं, "सिनेमा पाहिला. दोन डोळ्यांनी, पूर्ण, नामावलीसकट. आवाज तिचा नाही हे बाईंचं म्हणणं बरोबर आहे, मी चुकलो. आवाज देणाऱ्या बाईंचं वेगळं कौतुक व्हावं अशी सूचना आहे. आता मत. जिथे तिला कुणीच आवाज दिलेला नाही, तिथे ती मला दिसली. माझं मत कुलूपवालीला, कायम. या तीन मिनिटांना मी रेकॉर्डिंगचा दोष म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. हे मत मात्र मागे घेणार नाही."

सरांनी लिहिलं, "चार विरुद्ध तीन. निकाल कायम." औषधवाल्या बाईंनी लिहिलं, "काकांचा मान राखून मी वकिलीणबाईंच्याच बाजूने आहे. पुढच्या वर्षी बघू." काकांनी लगेच उत्तर दिलं, "पुढच्या वर्षी बघूनच येतो." मग रात्रीच्या जेवणापर्यंत दोघं पुन्हा भांडली, आणि काकांना फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी गाडी लागली. कंडक्टरने दारातून विचारलं, "तोच लावू?"

"तोच लाव."

बोगदा गेला, टोलनाका गेला, घाट उतरला. लांब पूल संपला आणि आवाज गेला. काकांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. डोळे रस्त्यावर. वेग वाढवला नाही, उलट थोडा उतरवला. तरी थांबा आलाच. गाडी हलकेच कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि दाराच्या खटक्याकडे हात नेला नाही.

मागे चाळीस माणसं होती. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. दार उघडा असं एकानेही म्हटलं नाही.

सायकल वाजली, तेव्हा काकांनी दार उघडलं.